तोंडी हुकूम आणि लोकसभेतला एक प्रश्न

माझ्या ओळखीचे एक मुख्याध्यापक होते. एकदा वरचे एक साहेब त्यांची शाळा पाहायला आले. पावसाळा तोंडावर आलेला, छपराची कौले फुटलेली. साहेब वर पाहून म्हणाले, "गुरुजी, कौले बसवून घ्या. मंजुरी मागाहून पाठवतो." गुरुजींनी कौले बसवली, गवंड्याचे पैसे चुकते केले. मंजुरी काही आली नाही. आले ते लेखापरीक्षक. त्यांनी लाल शाईने शेरा मारला : विनामंजुरी खर्च, संबंधितांकडून वसूल करावा. गुरुजी साहेबांकडे धावले. साहेब म्हणाले, "मी असे कधी म्हणालो?" झाले! पुढे कितीतरी महिने गुरुजींच्या पगारातून कौलांचे पैसे कापून जात होते.

श्रोतेहो, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना परकी वाटणार नाही. काम सांगणारा एक, करणारा दुसरा, आणि अंगाशी आले की सांगणाऱ्याची जीभ आखडते. आता असे समजा की हीच गोष्ट दिल्लीत घडली. कौलांच्या जागी सव्वा कोटी रुपये, साहेबांच्या जागी देशाचे अर्थमंत्री आणि गुरुजींच्या जागी अर्थखात्याचे सर्वांत वरचे सचिव. मग 'कोणी सांगितले?' हे विचारायचे कोणी, आणि खरे उत्तर काढायचे कसे? 1957-58 साली आपल्या लोकसभेपुढे हाच पेच पडला होता. तो प्रसंग 'मुंदडा प्रकरण' या नावाने ओळखला जातो. कारभारी माणसांना विधिमंडळ कसे जाब विचारू शकते आणि कोठे त्याचा हात तोकडा पडतो, हे या एका प्रकरणात जितके स्वच्छ दिसते तितके दहा पुस्तके वाचून दिसणार नाही, असे मला वाटते.

थोडे मागून सुरुवात करू या. पूर्वी आपल्या देशात विम्याचा धंदा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. काही कंपन्या सचोटीच्या होत्या, पण काहींचे मालक विमेदारांचा पैसा आपल्या दुसऱ्या उद्योगांत फिरवीत. डिसेंबर 1955 मध्ये फिरोज गांधी या खासदारांनी लोकसभेत अशा एका विमा कंपनीचा कारभार उघडा केला. पुढे दीडच महिन्याने, 19 जानेवारी 1956 रोजी, त्या वेळचे अर्थमंत्री, आपल्या कुलाबा जिल्ह्याचे चिंतामणराव देशमुख, यांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितले की आयुर्विम्याचा धंदा सरकार आपल्या हाती घेत आहे. 245 लहानमोठ्या संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. तोवर देशमुख मात्र पदावर नव्हते. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही या प्रश्नावर त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी श्री. टी. टी. कृष्णम्माचारी आले.

आता विम्याचा पैसा म्हणजे काय, हे नीट ध्यानात घ्या. तो सरकारचा पैसा नव्हे. मास्तर, पोस्टमन, गिरणी कामगार, चार पैसे मागे टाकणारा शेतकरी यांनी भरलेले हप्ते एकत्र होतात आणि त्याचा साठा बनतो. आज हप्ता भरायचा आणि वीस वर्षांनी, किंवा दुर्दैवाने घरचा माणूस आधीच गेला तर त्याच्या बायकामुलांनी, रक्कम घ्यायची. मधल्या काळात तो पैसा नुसता तिजोरीत ठेवून चालत नाही. तो सरकारी रोख्यांत, चांगल्या कंपन्यांच्या शेअरांत गुंतवावा लागतो. गुंतवणूक कोठे करायची हे जाणकारांनी बसून ठरवावे म्हणून महामंडळात एक गुंतवणूक समिती नेमलेली होती. बियाण्याची पोती जशी आपण जपून, पारखून वापरतो, तशीच ही व्यवस्था.

जून 1957 मध्ये काय घडले? कलकत्त्याला हरिदास मुंदडा नावाचे एक उद्योगपती होते. उद्योगपती म्हणण्यापेक्षा सटोडिये म्हटले तर जास्त बरोबर होईल. कर्ज काढून कंपन्या ताब्यात घ्यायच्या, त्यांचे शेअर बँकांकडे गहाण टाकून आणखी कर्ज उचलायचे, असा त्यांचा खेळ होता. शेअरांचे भाव उतरू लागले तसे ते अडचणीत आले. त्यांनी अर्थखात्याचे मुख्य सचिव श्री. एच. एम. पटेल यांना पत्र लिहिले, आणि मग चक्रे अशी काही वेगाने फिरली की चारपाच दिवसांत आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या सहा कंपन्यांचे शेअर घेऊन टाकले. रक्कम सव्वा कोटीच्या आसपास. जेसप, रिचर्डसन अँड क्रुडास, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प, अँजेलो ब्रदर्स आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन अशी त्या कंपन्यांची नावे. यांतली रिचर्डसन अँड क्रुडास म्हणजे मुंबईच्या भायखळ्याचा लोखंडकामाचा जुना कारखाना. काही शेअर बाजारभावाहून चढ्या दराने घेतले गेले. गुंतवणूक समितीला आधी विचारलेच नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर, पंचांची बैठक न बोलावता गावाच्या फंडातून एकाच सावकाराचा माल उचलला, आणि पंचांना मागाहून कळवले.

हे बाहेर फुटले कसे? पहिली वाट प्रश्नाची. सप्टेंबर 1957 मध्ये डॉ. राम सुभग सिंग या खासदारांनी लोकसभेत यासंबंधी प्रश्न विचारला. संसदेत आणि आपल्या विधानसभेतही प्रश्नोत्तरांचा तास असतो. सभासद आधी लेखी प्रश्न देतो, मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो. अशा प्रश्नाला 'तारांकित' म्हणतात, कारण त्याच्यापुढे छापताना तारा घालतात. खरी गंमत या पहिल्या उत्तरात नसते. ते खात्यात बसून, तोलूनमापून लिहिलेले असते. खरी कसोटी लागते ती त्यानंतर उभे राहून विचारलेल्या उपप्रश्नांत. तेथे मंत्र्याच्या हाती लिहून आणलेला कागद नसतो. वकील उलटतपासणी घेतो ना, तसला तो प्रकार. मात्र उपप्रश्न विचारायला आधी घरी अभ्यास करावा लागतो. नुसता आवाज चढवून भागत नाही.

या वेळी पहिल्यापहिल्यांदा उत्तरे मोघम मिळाली. सरकारची बाजू अशी मांडली जात होती की शेअर बाजार कोसळत होता, तो सावरायचा होता. ऐकायला बरे वाटते. पण मग एक साधा प्रश्न उभा राहतो. बाजार सावरायचा तर उघड बाजारात जाऊन अनेकांचे, अनेक कंपन्यांचे शेअर घ्यायचे. एकाच माणसाशी बंद दाराआड सौदा करून सगळा बाजार कसा सावरतो? आठवड्याच्या बाजारात कांद्याचा भाव पडला, म्हणून एकाच व्यापाऱ्याची वखार चढ्या भावाने रिकामी करून दिली, तर त्याने शेतकऱ्याचा भाव सुधारेल का?

16 डिसेंबर 1957 रोजी फिरोज गांधी उभे राहिले. ते रायबरेलीचे काँग्रेसचे खासदार, म्हणजे सत्ताधारी बाकांवरचे. शिवाय पंतप्रधान नेहरूंचे जावई. त्यांनी तारखा, भाव, कागद असे सगळे एकापुढे एक मांडून सौद्याची चिरफाड केली. विरोधी पक्षाने आरोप केला तर 'हे बोलणारच' असे म्हणून सोडून देता येते. आपल्याच बाकावरचा माणूस हिशोब घेऊन उभा राहिला की ती सोय राहत नाही. मला विचाराल तर या प्रकरणातली सर्वांत दुर्मिळ गोष्ट हीच. कायद्यात लिहून असा सभासद निर्माण करता येत नाही. राज्यघटनेच्या 75 व्या अनुच्छेदात म्हटले आहे की मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील. परंतु बहुमत मंत्रिमंडळाच्याच पक्षाचे असते, हेही खरे. तेव्हा ही जबाबदारी कागदावरून खाली उतरायची असेल तर सत्ताधारी पक्षातल्या कोणी तरी कधी तरी तोंड उघडावे लागते.

पण फिरोज गांधींनी इतके केले तरी एक अडचण राहिलीच. लोकसभा प्रश्न विचारू शकते, चर्चा करू शकते. पण कोणत्या दिवशी कोणत्या खोलीत कोण कोणाला काय म्हणाले, हे पाचशे माणसांची सभा कसे ठरवणार? साक्षीदाराला शपथ घालून, समोरासमोर बसवून, कागद मागवूनच ते ठरते. त्यासाठी 1952 चा चौकशी आयोग कायदा होता. सरकारला चौकशी जाहीर करावी लागली आणि जानेवारी 1958 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला.

आयोगाचे काम मुंबईत चालले, आणि ते उघड्यावर चालले. छागलांनी बंद दाराआड साक्षी घेतल्या नाहीत. ऐकायला इतकी गर्दी लोटू लागली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. मंत्री, सचिव, महामंडळाचे अध्यक्ष, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असे एकेक जण येऊन साक्ष देत होते आणि मुंबईचा कारकून, दलाल, विद्यार्थी ते ऐकत होता. आयोगाला मदत करायला भारताचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड होते. ते सरकारचे वकील खरे, पण येथे त्यांनी सरकारची वकिली केली नाही. सत्य काढण्यासाठी त्यांनी मंत्र्यांनाही प्रश्न विचारले. आज हे लिहितानाही थोडे नवल वाटते. स्वातंत्र्य मिळून अजून अकरा वर्षेही झाली नव्हती.

आणि येथे आपल्या मुख्याध्यापकांची कौले पुन्हा येतात. सचिव पटेल यांचे म्हणणे पडले की मंत्र्यांना हा सौदा ठाऊक होता, त्यांच्या संमतीनेच तो झाला. मंत्री कृष्णम्माचारी यांचे म्हणणे की आपण संमती दिली नव्हती. महामंडळाच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे की वरून, दिल्लीहून सांगितले, म्हणून आम्ही शेअर घेतले. लेखी हुकूम? तो मात्र कोठेच नाही. सव्वा कोटी रुपये विमेदारांच्या साठ्यातून गेले आणि 'घ्या' असे सांगणारी एका ओळीची चिठ्ठी सापडत नाही!

छागलांनी हा गुंता कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. महिन्याच्या आत, 10 फेब्रुवारी 1958 रोजी, त्यांनी अहवाल दिला. त्यांनी धरलेले मुख्य सूत्र असे, की सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असते. आपल्या हाताखालच्या माणसाच्या आड मंत्र्याला लपता येत नाही. चांगले झाले तर मंत्र्याचा गौरव आणि वाईट झाले तर सचिवाचा दोष, अशी वाटणी लोकशाहीत चालत नाही. यातला बारकावा शिक्षक मंडळींनी ध्यानात घ्यावा. मंत्री चोर ठरला, असा याचा अर्थ नव्हे. श्री. कृष्णम्माचारींनी पैसे खाल्ले असे कोणी सिद्ध केले नाही. पण गुन्हेगार ठरणे वेगळे आणि जबाबदार असणे वेगळे. गुन्ह्याचा निवाडा कोर्ट करते, त्याला पक्का पुरावा लागतो. जबाबदारीचा निवाडा सभागृह करते. तेथे एवढेच विचारले जाते, 'हे खाते तुमचे होते ना?'

छागलांनी आणखीही गोष्टी सांगितल्या. महामंडळासारख्या स्वायत्त संस्थेच्या कारभारात सरकारने लुडबूड करू नये. करायचीच असेल तर हुकूम लेखी द्यावा. विम्याचा पैसा विमेदारांच्या हितासाठीच वापरावा. आणि मंत्र्यांनी संसदेला विश्वासात घ्यावे. पहिल्यांदाच सगळी माहिती तिच्यापुढे ठेवावी, म्हणजे पुढे तीच माहिती दुसऱ्याकडून निघून मानहानी व्हायची वेळ येत नाही. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कारण सौद्यापेक्षाही सौद्याविषयी दिलेली अर्धवट उत्तरे सरकारला अधिक भोवली.

फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. नेहरूंना तो मनापासून नको होता, कृष्णम्माचारी त्यांच्या विश्वासातले होते. पण अहवाल लोकांच्या हाती पडल्यावर इलाज नव्हता. स्वतंत्र भारतात संसदेत विचारलेल्या प्रश्नातून सुरू झालेली वाट मंत्र्याच्या राजीनाम्यापर्यंत अशी सरळ जाऊन पोचली, याची आठवण पुढे नेहमी काढली गेली.

येथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती पुरी होणार नाही. अधिकाऱ्यांच्या वर्तनाची पुन्हा वेगळी चौकशी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्याकडे झाली. श्री. पटेल यांच्यावरचा ठपका 1959 मध्ये दूर झाला, पण त्यांनी नोकरीतून अंग काढून घेतले होते. ते गुजरातेत वल्लभ विद्यानगरला शिक्षणसंस्थांच्या कामात रमले आणि, दैव पाहा, 1977 साली स्वतःच देशाचे अर्थमंत्री झाले. कृष्णम्माचारीही 1962 मध्ये मंत्रिमंडळात परत आले आणि पुढल्या वर्षी पुन्हा अर्थमंत्री झाले. म्हणजे राजीनामा ही फाशी नव्हे. काहींना याची चीड येते. मला तसे वाटत नाही. जबाबदारी घेऊन बाजूला झालेल्या माणसाला कायमचे वाळीत टाकायचे ठरले, तर पुढचा माणूस खुर्चीला अधिकच घट्ट चिकटून बसेल. माझी तक्रार वेगळी आहे. चौकशी आयोग केवळ आपला निष्कर्ष कळवू शकतो, सरकारवर तो बंधनकारक नसतो. 1958 मध्ये अहवाल महिन्यात आला आणि तो लागलीच उघड झाला, म्हणून त्याला धार होती. त्यानंतर कितीतरी आयोग वर्षानुवर्षे चालले आणि त्यांचे अहवाल निघाले तेव्हा माणसे पदावर तर नव्हतीच, कित्येकदा हयातही नव्हती.

संसदेने यातून आपली हत्यारे थोडी परजली. सरकारी खात्यांचा जमाखर्च तपासायला महालेखापरीक्षक आणि लोकलेखा समिती आधीपासून होती. 1967 पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सभासदाकडे देण्याचा पायंडा पडला. तसे पहिले अध्यक्ष मुंबईचे मिनू मसानी. पण महामंडळे आणि सरकारी कंपन्या यांच्यावर खास नजर ठेवणारी समिती 1957 साली नव्हती. ती सार्वजनिक उपक्रम समिती 1964 मध्ये झाली. मंत्री सभागृहात 'माहिती गोळा करून सांगू' म्हणतात आणि मग विसरतात. त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती मात्र 1953 पासूनच होती. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळातही अशा समित्या आहेत. जिल्हा परिषदांचा आणि पंचायत समित्यांचा कारभार तपासणारी पंचायत राज समिती जिल्ह्यात येते, तेव्हा कचेऱ्यांत फायली कशा भराभर नीट लागतात ते पुष्कळांनी पाहिले असेल. सभासदाकडून प्रश्न विचारला जाण्याची वाट न पाहता नागरिकाला थेट तक्रार नेता यावी म्हणून महाराष्ट्राने 1971 मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला आणि 1972 मध्ये लोकायुक्त नेमला. इतर राज्यांच्या आधी. केंद्रात लोकपालाचे विधेयक 1968 मध्ये प्रथम आले. कायदा व्हायला 2013 साल उजाडले आणि पहिले लोकपाल 2019 मध्ये नेमले गेले. मधली पंचेचाळीस वर्षे विधेयके येत राहिली आणि बारगळत राहिली. स्वतःवर लगाम घालायचा कायदा करताना हात थबकतो, तो असा.

एक गोष्ट सांगायची राहिली. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल खासदारावर खटला होत नाही, हे संरक्षण घटनेनेच दिले आहे. पण तेच भाषण वर्तमानपत्राने छापले तर? त्याच्यावर मात्र बेअब्रूचा दावा होऊ शकत असे. म्हणजे फिरोज गांधींनी लोकसभेत कितीही उघडपणे बोलावे, तुमच्याआमच्यापर्यंत ते पोचायचे तर छापणाऱ्याने जीव मुठीत धरावा. हे ओळखून त्यांनी स्वतः एक खाजगी विधेयक आणले आणि 1956 मध्ये त्याचा कायदा झाला. संसदेच्या कामकाजाचा खराखुरा वृत्तांत, द्वेषबुद्धी न ठेवता आणि लोकहितासाठी छापला, तर छापणाऱ्याला संरक्षण. त्या कायद्यात रेडिओवरून सांगितलेल्या वृत्तांताचाही स्पष्ट उल्लेख होता. मुंदडा प्रकरण खेडोपाडी कळले त्यामागे हा छोटासा कायदा उभा होता. फिरोज गांधी 1960 मध्ये वारले. आणीबाणीच्या काळात त्यांचा हा कायदा रद्द करण्यात आला, आणि तो रद्द करणाऱ्या सरकारच्या पंतप्रधान त्यांच्याच पत्नी होत्या. 1977 मध्ये सरकार बदलल्यावर तो पुन्हा करण्यात आला आणि 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण घटनेतच 361 अ या अनुच्छेदात घातले गेले. त्यात विधानसभांचे कामकाज येते, आणि रेडिओही येतो.